क्लच नाही, म्हणून काय झालं!

नव्वदच्या दशकातल्या सुप्रामध्ये आजच्या बीएमडब्ल्यूचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा, हे खूळ सध्या अमेरिका-युरोपातल्या गॅरेजांमध्ये जोरात आहे. हे लोक असं का करतात, नेमकं काय करतात आणि आपल्याकडे कोणी करायला गेलं तर काय होईल?

मागच्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. घरची गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे हात तिच्यावरच बसला. ही बातमी कॅन्टीनमध्ये कशी कोण जाणे फुटली आणि आमच्या ग्रुपमधल्या मेकॅनिकलच्या मित्राला आयतं कोलीत मिळालं. "ऑटोमॅटिक? म्हणजे तू गाडी चालवत नाहीस, गाडी तुला फिरवून आणते. खरी गाडी मॅन्युअल! ऑटोमॅटिक मुलींसाठी आणि रिटायर्ड काकांसाठी."

सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवशीचा चहा काही गोड लागला नाही. मुद्दा असा, की माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी मास कॉमची. टॉर्क म्हणजे काय, हेही मला धड सांगता आलं नसतं. त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर केशरी रंगाची टोयोटा सुप्रा होती. म्हटलं, सुरुवात तिथूनच करू. पुढचे तीन आठवडे मी गिअरबॉक्स वाचत, बघत आणि विचारत फिरले. आणि जे सापडलं, त्याने माझीच करमणूक झाली.

वॉलपेपरवरची सुप्रा

ज्या सुप्रासाठी लोक वेडे होतात, ती चौथ्या पिढीतली, कंपनीच्या भाषेत ए८०. ती १९९३ मध्ये आली. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस' सिनेमाने तिला घराघरांत नेलं. तिच्या बॉनेटखाली २जेझेड-जीटीई नावाचं तीन लिटरचं, ओळीत सहा सिलिंडरचं, दोन टर्बोचं इंजिन. अमेरिकेत त्याची ताकद ३२० हॉर्सपॉवर सांगितली जायची. जपानमध्ये मात्र २८० च्या वर आकडा जाहीर करायचा नाही, असं तिथल्या कंपन्यांनी आपापसांत ठरवलेलं होतं. त्या इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि इतका दणकट, की मोठा टर्बो लावून लोक त्यातून मूळच्या दुप्पट-तिप्पट ताकद काढतात.

इंजिन सोसतं. प्रश्न त्याच्या मागच्या वस्तूचा येतो. या सुप्राला दोन गिअरबॉक्स मिळायचे. एक गेट्राग या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा मॅन्युअल. तो मजबूत, पण त्याचं उत्पादन कधीच थांबलंय आणि जुना मिळाला तर त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. दुसरा चार गिअरचा ऑटोमॅटिक, ए३४०ई. हा बिचारा सरळमार्गी. रोज ऑफिसला जायला उत्तम, पण दुप्पट ताकद अंगावर आली की त्याचं पाणी संपतं.

मग लोकांनी काय केलं? ड्रॅग रेसवाल्यांनी, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ पट्ट्यावर घड्याळाशी भांडणाऱ्यांनी, या जपानी गाडीत चक्क जुना अमेरिकन ऑटोमॅटिक बसवला. जनरल मोटर्सचा टीएच४००. हा १९६४ मध्ये कॅडिलॅक आणि ब्युकसाठी आलेला, फक्त तीन गिअरचा. म्हणजे ऐसपैस अमेरिकन गाड्यांसाठी बनवलेला गिअरबॉक्स रेसच्या सुप्रामध्ये! आणि ड्रॅग स्ट्रिपवर सगळ्यात वेगाने पळणाऱ्या सुप्रा पाहिल्या, तर त्या मोठ्या प्रमाणात अशाच ऑटोमॅटिकवर पळतात.

इथे मी पहिल्यांदा फोन खाली ठेवला आणि मनात म्हटलं, थांब रे मित्रा, तुला सांगते.

दोन पंखे आणि तेल

ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं जातं. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. सीव्हीटीत बेल्ट आणि पुली असतात. डीसीटीत दोन क्लच असतात. आणि चौथा, सगळ्यात जुना प्रकार म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला. आपली गोष्ट याची आहे.

टॉर्क कन्व्हर्टर समजायला सोपा आहे. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागेल. आता वाऱ्याच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मधे तिसरं एक छोटं चाक असतं, स्टेटर. ते परत येणारं तेल योग्य दिशेला वळवतं आणि त्यामुळे गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. शिवाय मधे तेलच असल्याने झटका बसत नाही. मॅन्युअलमध्ये क्लच फाटकन सोडला की शाफ्ट आणि गिअरचे दात यांच्यावर जो घाव बसतो, तो इथे तेल पचवतं.

टर्बो गाडीत याचा आणखी एक फायदा. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना आपण अॅक्सिलरेटर सोडतो. तेवढ्यात टर्बोचा दाब पडतो. ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबलेलाच राहतो, दाब टिकतो. रेसवाले तर टीएच४०० मध्ये ट्रान्सब्रेक नावाची युक्ती करतात. पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गिअरबॉक्स जाम करायचा, इंजिनाला गर्जू द्यायचं, आणि बटण सोडलं की गाडी सुटलीच.

मग ऑटोमॅटिकला लोक नाकं का मुरडायचे? कारण तक्रारी खऱ्याही होत्या. तेलात घसरण होते, घसरणीतून उष्णता निर्माण होते, पेट्रोल जास्त लागतं. गिअर तीन किंवा चार. बदलायला वेळ घ्यायचे. टीएच४०० रेससाठी उत्तम, पण त्याचा शेवटचा गिअर १.०० चा. सुप्राच्या मूळ ऑटोमॅटिकचा शेवटचा ०.७०५. बाकी सगळं तेच ठेवलं, तर हायवेवर त्याच वेगाला इंजिन सुमारे ४२ टक्के जास्त फिरणार. आवाज, पेट्रोल, डोकेदुखी. म्हणजे रेसला पळते, पण लोणावळ्याला घेऊन जावीशी वाटत नाही, असा प्रकार.

आठ गिअरचा पाहुणा

२००९ मध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीने ८एचपी नावाचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बाजारात आणला. पहिल्यांदा तो बसला बीएमडब्ल्यूच्या ७६० मध्ये. आत ग्रहमालेसारखे फिरणारे चार गिअर संच आणि ते पकडणारे-सोडणारे फक्त पाच क्लच-ब्रेक. यातले कोणत्याही वेळी दोनच मोकळे असतात, म्हणून वाया जाणारी ताकद कमी. गिअर बदलायला साधारण २०० मिलिसेकंद. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच असतो. गाडी हलली की तो लवकर लागतो आणि मग तेलातली घसरण जवळपास संपते.

थोडक्यात, जुन्या ऑटोमॅटिकवरच्या तक्रारी या गिअरबॉक्सने एकेक करून खोडून काढल्या. त्याचा परिणाम किती झाला बघा. बीएमडब्ल्यू एम५ मध्ये आधी दोन क्लचचा डीसीटी होता. २०१७ मध्ये दाखवलेल्या नव्या एम५ मध्ये कंपनीने तो सोडून टॉर्क कन्व्हर्टरवाला आठ गिअरचा ऑटोमॅटिक घेतला. २०१८ ची डॉज डेमन, रेसच्या पेट्रोलवर ८४० हॉर्सपॉवरची, फक्त ऑटोमॅटिकच मिळायची. तिच्यातही याच घराण्यातला गिअरबॉक्स. आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यात जोडली जाणारी जीप रँग्लर? तिचा आठ गिअरचा ऑटोमॅटिकही याच कुळातला.

बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार, लँड रोव्हर, जीप... इतक्या गाड्यांत तो बसला, की त्या गाड्या ठोकल्या, भंगारात गेल्या आणि परदेशातल्या भंगार यार्डांमध्ये या गिअरबॉक्सचे ढीग लागले. दणकट, झटपट, आठ गिअरचा आणि सहज मिळणारा. जुन्या सुप्रावाल्यांनी तो हेरला नसता तरच नवल.

कॅन्टीनमधल्या पेपर नॅपकिनवरचं गणित

फरक किती पडतो, ते मी स्वतः मांडून पाहिलं. भागाकारच आहे, तुम्हीही करू शकता.

सुप्राच्या मूळ ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८०४ आणि दुसरा १.५३१. समजा इंजिन ६,५०० आरपीएमला असताना पहिल्यातून दुसऱ्यात गेलात. ६,५०० गुणिले १.५३१ भागिले २.८०४. उत्तर साधारण ३,५५०. म्हणजे इंजिन एका झटक्यात तीन हजारांनी खाली आलं. मोठा टर्बो लावलेला असेल तर तिथे तो झोपलेला असतो. पुन्हा जागा होईपर्यंत वाट बघा.

आता ८एचपीच्या पहिल्या आवृत्तीचे आकडे घ्या. पहिला ४.६९६, दुसरा ३.१३०, तिसरा २.१०४, चौथा १.६६७. तेच गणित केलं तर ६,५०० वरून इंजिन साधारण ४,३३० ला उतरतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ४,३७० ला. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तर ५,१५० लाच थांबतं. टर्बोला डोळा लागायला वेळच मिळत नाही. आणि आठवा गिअर ०.६६७ चा, म्हणजे हायवेला इंजिन शांत. रेसही आणि लोणावळाही!

अर्थात पहिला गिअर एवढा जोरकस झाला, की मागच्या डिफरेन्शिअलचा रेशोही बदलावा लागू शकतो, नाहीतर गाडी पुढे कमी जाते आणि टायर जागेवरच जळतात. एक गोष्ट बदलली की दुसरी हलते. या सगळ्या प्रकरणाचं सार हेच आहे.

बसतो कसा?

व्हिडिओत हे काम दहा मिनिटांत होतं. प्रत्यक्षात गॅरेजमध्ये अर्धवट उघडून महिनोन् महिने पडून राहिलेल्या गाड्या याच कामाच्या असतात. मला समजलेले टप्पे असे:

पहिला अडसर, बोल्टची भोकंच जुळत नाहीत. टोयोटाचं इंजिन आणि बीएमडब्ल्यूसाठीचा गिअरबॉक्स, जुळणार कशी? त्यात ८एचपीची पुढची घंटेसारखी बाजू वेगळी नसते, मुख्य केसिंगसोबत एकसंध ओतलेली असते. म्हणून मधे जाड अॅडाप्टर प्लेट घालतात किंवा ती बाजू कापून नवीन लावतात. दोन्हींचा मध्य अचूक एका रेषेत यावा लागतो. किंचित सरकला तरी गिअरबॉक्सचा ऑइल पंप आणि बुश खराब होतात.

दुसरा, टॉर्क कन्व्हर्टर. तो इंजिनाला ज्या पातळ चकतीने जोडतात, ती फ्लेक्सप्लेट नव्याने बनवावी लागते. बोल्ट आवळण्याआधी कन्व्हर्टर आणि चकतीत दोन-चार मिलिमीटरची मोकळी जागा हवी. ती न बघता बोल्टने ओढून बसवलं, तर गाडी सुरू करायच्या आधीच पंपाचं काम तमाम.

तिसरा, जागा. गिअरबॉक्स ९० किलोच्या आसपास वजनाचा आणि अंगाने भरलेला. जुन्या गाडीच्या मधल्या बोगद्यात तो मावत नसेल तर पत्रा कापून, नवा वेल्ड करावा लागतो. खालून आधार देणारा क्रॉस मेंबर नवा. मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा आणि नीट बॅलन्स केलेला, नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते.

चौथा, थंडावा. ऑटोमॅटिकचा शत्रू उष्णता. त्यामुळे तेलासाठी चांगला कूलर आणि पाइप लागतात. तेलाची पातळीही इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असतानाच बघायची असते. अंदाजपंचे ओतून चालत नाही.

घोडं पेंड खातं ते वायरमध्ये

इथपर्यंत लेथ, वेल्डिंग आणि संयम असला की भागतं. खरी गोम पुढे आहे. ८एचपीचा मेंदू, म्हणजे त्याचा कंट्रोल युनिट, गिअरबॉक्सच्या पोटातच, तेलात बुडालेला असतो. तो सतत इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलत असतो. इंजिन आता किती जोर देतंय, पाय किती दाबलाय, ब्रेक लागलाय का, हे त्याला क्षणाक्षणाला कळावं लागतं. गिअर बदलताना तो इंजिनाला सांगतो, "क्षणभर जोर कमी कर." इंजिन कमी करतं, गिअर बदलतो, पुन्हा पूर्ण जोर. आपल्याला काही जाणवतही नाही.

१९९३ च्या सुप्राच्या कॉम्प्युटरला ही भाषाच येत नाही. गिअरबॉक्स विचारतोय, समोरून उत्तर नाही. मग काय होतं? तो घाबरून सुरक्षित मोडमध्ये जातो आणि एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. किंवा जोर कमी झालेलाच नसताना गिअर बदलतो आणि आतले क्लच जळतात.

यावर तोडगा काढला तो युरोपातल्या छोट्या-छोट्या कंपन्यांनी आणि हौशी प्रोग्रॅमर लोकांनी. या गिअरबॉक्सची भाषा उलगडून त्यांनी वेगळे कंट्रोलर तयार केले. आता नवा इंजिन कॉम्प्युटर आणि हा कंट्रोलर यांची गाठ घालून दिली, की तीस वर्षांपूर्वीचं इंजिन आजच्या गिअरबॉक्सशी गप्पा मारायला लागतं. पण गिअर कधी बदलायचा, किती दाबाने क्लच पकडायचा, हे सगळं लॅपटॉप घेऊन कोणीतरी बसून शिकवावं लागतं. म्हणजे हे काम जितकं पाना-पकडीचं, तितकंच कोडिंगचं. आयटी आणि मेकॅनिकलने एका बाकावर बसावं, असं.

आता आपल्याकडचं

हे सगळं घेऊन मी कॅन्टीनमध्ये गेले. मित्राने नॅपकिनवरचं गणित दोनदा तपासलं. मग हळूच म्हणाला, "अगं, मी असंच काहीतरी करणार होतो. बाबांच्या गाडीत." त्याच्या बाबांची जुनी डिझेल सेडान आहे. भाड्याने चालते. घर तिच्यावर चालतं. भंगारातून मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स आणायचा, ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवायचा आणि बाबांना सरप्राइज द्यायचं, असा त्याचा प्लॅन होता.

नशीब, माझ्या वहीत पुढचं पान होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे होतील, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन बदलायचं तरी आरटीओच्या परवानगीचे नियम आहेत. आणि उद्या अपघात झाला, तर बदललेली गाडी पाहून विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. प्रवासी बसवून चालणाऱ्या गाडीत असं झालं तर?

तो बराच वेळ काही बोलला नाही.

परदेशातही सगळं मोकाट नाही. जर्मनीत असे बदल तपासून घ्यावे लागतात. ऑस्ट्रेलियात मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त इंजिनीअरचं सर्टिफिकेट लागतं. फरक एवढाच, की तिथे बदल करून तो तपासून घेण्याची वाट आहे. आपल्याकडे हौशी माणसासाठी ती वाट जवळपास नाहीच. हे बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पण वाद जिंकेपर्यंत बाबांची गाडी पणाला लावायची नाही, एवढं तरी आमचं ठरलं.

मग हौस भागवायची कुठे?

कॉलेजातच! बाहा एसएईइंडिया २००७ पासून होते. खडकाळ ट्रॅकवर पळणारी गाडी विद्यार्थ्यांनीच बनवायची असते. इंजिन ठरलेलं, पण त्याच्यापुढे सीव्हीटी कसा ट्यून करायचा, रेशो काय ठेवायचे, हे डोकं टीमचं. फॉर्म्युला प्रकारातही स्पर्धा आहेत. त्यातल्या एकीचं नाव काय माहितीये? सुप्रा एसएईइंडिया! तिथे अॅडाप्टर प्लेट बनवा, शाफ्ट कापा, वायरिंग जाळा, सगळं माफ. तिथली गाडी ट्रॅकवर चालते, तपासणीतून जाते आणि चुकलं तर कोणाच्या घरची चूल विझत नाही. आणि हो, त्या टीमना स्पॉन्सर शोधायला, सोशल मीडिया सांभाळायला मास कॉमवालेही लागतात. मी विचारून ठेवलंय.

एक गंमत राहिलीच. २०१९ मध्ये टोयोटाने नवी सुप्रा आणली. इंजिन बीएमडब्ल्यूचं आणि गिअरबॉक्स फक्त ऑटोमॅटिक, झेडएफचा ८एचपी. म्हणजे गॅरेजवाले जुन्या सुप्रात जो बसवतायत, तोच कंपनीने नव्या सुप्रात दिला. चाहत्यांनी मॅन्युअलचा हट्ट धरला, तेव्हा २०२३ च्या मॉडेलपासून मॅन्युअलही आली. हे मी मित्राला प्रामाणिकपणे सांगितलं. कारण त्याचंही थोडं बरोबर आहे. हाताने गिअर टाकण्यात जी मजा असते, ती घड्याळात मोजता येत नाही. माझं म्हणणं इतकंच, की मजा तुझी, वेग याचा. आणि दोन्हींपैकी कशावरही मुलींची किंवा काकांची अशी पाटी लावायचं कारण नाही.

"मान्य," तो म्हणाला. वॉलपेपर तसाच आहे. पण निघताना चावी फिरवल्यासारखा हात करत त्याने विचारलं, "रविवारी तुझ्या बाबांची गाडी एकदा चालवायला देशील का?"

म्हटलं, देईन की. फक्त डावा पाय आवरून बस. क्लच समजून ब्रेक दाबशील!